रक्तातील चरबी आणि अर्धांगवायू

अर्धांगवायूचा झटका आला म्हणजे ‘काल संध्याकाळपर्यंत माणूस धडधाकट होता’ असे उद्गार घरोघर ऐकू येतात. झटका क्षणात येतो हे खरे. परंतु त्याची तयारी रक्तवाहिन्यांत बहुधा कित्येक वर्षे चाललेली असते. मोठ्या इस्पितळापासून दूर असलेल्या लाटंबार्सेसारख्या गावातील कुटुंबांनी तर ही गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

बहुतेक रुग्णांत मेंदूस रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होते. हृदयाचे ठोके अनियमित पडल्यानेही अशी गुठळी होते. परंतु पुष्कळदा दोष चरबीचा असतो. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे ‘एलडीएल’ कण वाहिनीच्या अस्तराखाली साचून थर धरतात आणि थर फुटला की त्यावर गुठळी बनते. हे सारे घडत असता माणसास काहीच जाणवत नाही; रक्ताची तपासणी मात्र आधीच इशारा देते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. मधुमेहात ट्रायग्लिसराइड वाढते व उपकारक मानलेले ‘एचडीएल’ घटते. म्हणून साखर तपासणाऱ्याने चरबीही तपासून घ्यावी. भारतातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ साली सांगितले की, पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करावी. त्यासाठी उपाशी राहण्याचीही सहसा गरज नाही. एक डेसिलिटर रक्तात एलडीएल सामान्यतः १०० मिलिग्रॅमच्या खाली, तर मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांत ७० च्या खाली असावे. ‘लायपोप्रोटीन (ए)’ हा घटक आनुवंशिक असल्याने तो आयुष्यात एकदा तरी मोजावा. औषधाने एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले, तर अर्धांगवायूचा धोका जवळजवळ एक पंचमांशाने कमी होतो.

तथापि, वाचकहो, एक भेद ध्यानी ठेवावा. ही तपासणी पुढील वर्षांचा धोका सांगते. आज झटका आला आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. ते चेहरा, हात व वाणी सांगतात. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि तत्काळ १०८ क्रमांकास बोलवावे. लक्षणे काही मिनिटांत नाहीशी झाली, तरी इस्पितळ टाळू नये. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो. तेल चोळण्यात वेळ दवडू नये. तोंडात पाणी वा औषध घालू नये.

गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही मेंदूचे सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही अशी खात्री झाल्यावर. लाटंबार्सेहून डिचोली व तेथून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावयाचे, तर त्यातील पुष्कळसा वेळ वाटेतच सरतो. म्हणून वर्षे हाती आहेत तोवर रक्त तपासून घ्यावे. आणि झटका आलाच, तर एक मिनिटही वाया घालवू नये.