बारीक आहे म्हणून निर्धास्त?

आपल्या पॉटलकला डायबेटिसचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "मला कुठला डायबेटिस, मी तर काडीपैलवान!" आमचे हेही असंच म्हणायचे. उपाशीपोटी शुगर ९५, डॉक्टर खूश. मी लॅबमध्ये काम करते, म्हणून हट्टाने त्याच रक्तातलं इन्शुलिनही मोजायला लावलं. आलं १८. शुगर नॉर्मल होती खरी, पण ती तशी ठेवायला स्वादुपिंड डबल शिफ्ट करत होतं!

यालाच इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणतात. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, मग शरीर ते जास्त बनवतं. वर्षानुवर्षं हे निभतं, शुगर वाढते ती स्वादुपिंड थकल्यावर. म्हणजे नुसती शुगर बघणं म्हणजे घर पेटल्यावर धूर शोधणं. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९८५ साली एक सोपा हिशेब दिला. आपल्या अमेरिकन रिपोर्टमधल्या आकड्यांसाठी तो असा: उपाशीपोटीची शुगर गुणिले इन्शुलिन, भागिले ४०५. ह्यांचं उत्तर ४.२. बरेच डॉक्टर अडीचच्या वर गेलं की सावध होतात. मात्र इन्शुलिनचा आकडा लॅबगणिक थोडा बदलतो, तेव्हा स्वतःच निदान करून बसू नका.

बारीक माणसाला हे कसं होतं? याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटोच छापून आला. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही तपासली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. हातपाय काटकुळे, पण चरबी त्या मानाने राखलेली. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई लोकांसाठी तपासणीची रेषा बीएमआय २५ वरून २३ वर आणली.

चरबीच्या पेशी अॅडिपोनेक्टिन नावाचं एक प्रोटीन रक्तात सोडतात, ते इन्शुलिनला मदत करतं. गंमत म्हणजे चरबी वाढली की हे कमी होतं, आणि आपल्या लोकांत ते मुळातच कमी आढळतं. संशोधनात फार उपयोगी, पण नेहमीच्या तपासणीत नाही. जाहिरात बघून महागडं पॅनेल करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एचबीएवनसी मात्र जरूर करा. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून डायबेटिस. आपल्या बायकांत लोहाची कमतरता फार, त्याने हा आकडा उगाच वर जाऊ शकतो, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आमच्या ह्यांनी रात्रीचा भात अर्धा केला, जेवणानंतर अर्धा तास चालू लागले. (कुरकुरत, पण चालतात!) वर्षाने तोच हिशेब २.३ आला.

या पुस्तिकेच्या निधीतून मंडळाचं तपासणी शिबिर होणार आहे. इथे इन्शुरन्स नसलेल्या, भेटीला आलेल्या आई-बाबांनाही घेऊन या. आठ तास उपाशीपोटी यायचं, पाणी चालेल. बिनसाखरेचा चहासुद्धा नको हं!