चाकाची खुर्ची आणि कैलास लेणे

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेली वेरूळची लेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तेथे आपण किती पायऱ्या चढलो, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या तुमच्या मित्राला १५ सेंटिमीटर उंचीची एकच पायरी अडवून धरते. असे का होते?

पायरी चढताना सारे वजन सरळ वर उचलावे लागते. पायांना ते जमते, चाकाला जमत नाही. यावरचा उपाय तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. तो म्हणजे उतरण. खुर्ची व माणूस मिळून वजन ७२ किलोग्रॅम आहे असे समजा. १ मीटर उंची गाठण्यासाठी १२ मीटर लांबीची उतरण केली, तर घर्षण सोडून वजनाच्या बाराव्या हिश्शाइतका, म्हणजे ६ किलोग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. उतरण ६ मीटरचीच ठेवली, तर हा जोर १२ किलोग्रॅमवर जातो. कार्य दोन्हीकडे सारखेच. जोर कमी हवा असेल, तर अंतर जास्त कापावे लागते. शिवाय चढ फार उभा असेल, तर खुर्ची मागे उलटण्याची भीती असते. म्हणून आपल्याकडील इमारतींसाठी १ ला १२ हे प्रमाण सांगितले आहे. उतरण लांब असेल, तर मध्ये विसाव्यासाठी सपाट जागाही ठेवतात.

आता हेच गणित कैलास लेण्याला लावून पाहू. आठव्या शतकात एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेल्या या मंदिराचे जोते सुमारे ७ मीटर उंच आहे. म्हणजे उतरण हवी ७ × १२ = ८४ मीटर! भोवतालचे सारे पटांगणच सुमारे ८२ मीटर लांब आहे. १९८३ साली जागतिक वारसा ठरलेल्या या वास्तूत एवढे बांधकाम करणे योग्य नाही.

मग आपल्या मित्राने घरीच बसायचे का? मुळीच नाही. खुर्ची पटांगणापर्यंत पोचली, की दगडी हत्ती, उंच स्तंभ, रामायण-महाभारताचे शिल्पपट आणि कैलास हलविणारा रावण, हे सारे खालूनच पाहता येते. वरच्या मंडपासाठी हाताळता येईल अशी प्रतिकृती ठेवता येईल. ती अंध प्रवाशालाही उपयोगी पडेल.

अजिंठ्याला चौघांनी उचलायच्या डोलीतून लेण्यांपर्यंत जाता येते. ती सोय मोलाची आहे. तरीही स्वतःच्या हातांनी चाके फिरवून, हव्या त्या मूर्तीपुढे हवा तेवढा वेळ थांबण्यातला आनंद निराळाच! २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानेही सार्वजनिक जागी सहज वावरता येणे हा हक्क मानला आहे.

उद्या शाळेत मोजपट्टी घेऊन जा. दारापुढच्या पायऱ्यांची एकूण उंची मोजा आणि तिला १२ ने गुणा. तीन पायऱ्या मिळून ४५ सेंटिमीटर भरल्या, तर ५४० सेंटिमीटरची उतरण लागेल. तेवढी जागा दारापुढे आहे का, ते पाहा आणि आपले गणित गुरुजींना दाखवा.