गोधडीची ऊब आणि दडलेला विस्तव

पौषातील थंडी नीरेच्या काठी अधिकच झोंबते. बारामती तालुक्यातील सांगवीच्या परिसरात पहाटे उसाच्या फडांवरून येणारा गार वारा घरात शिरतो आणि वृद्धांचे सांधे आखडू लागतात. मग गोधडी अंगावर येते, खाटेजवळ निखाऱ्यांची शेगडी ठेवली जाते. कोणी कमरेला तापवलेल्या फडक्याचा शेक घेतो. ‘सुती तर आहे, त्याला काय होते?’ असा विश्वास त्यामागे असतो. हा विश्वास निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा मात्र घरातील प्रत्येकाने समजून घ्यायला हवा.

कापूस वितळत नाही, पण विघटित होतो

कापसाचा तंतू प्रामुख्याने सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोजच्या हजारो घटकांच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो. नायलॉन किंवा पॉलिस्टर उष्णतेने वितळते आणि त्वचेला चिकटते; कापसाचे तसे होत नाही. तापवू लागताच त्यातील ओलावा प्रथम निघून जातो. सुमारे १२० अंश सेल्सिअसला कित्येक तास राहिल्यास कापड पिवळे पडते. १५० अंशांच्या सुमारास हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन साखळ्या तुटू लागतात. २४० अंशांवर काही मिनिटांतच कापडाची गंभीर हानी होते. ३०० अंशांच्या पुढे त्यातून ज्वलनशील वायू निघतात आणि ४०० अंशांच्या आसपास ते आपोआप पेट घेऊ शकते. ठिणगी किंवा ज्योत जवळ असेल, तर त्याआधीच.

सुती कपड्यांसाठी इस्त्री साधारण २०० अंशांपर्यंत तापते. ती सतत फिरत असल्यामुळेच कापड वाचते. क्षणभर विसरली की तपकिरी डाग उमटतो. तो नुसता डाग नव्हे. तेथील तंतू आतून तुटलेले असतात, म्हणूनच पुढे कापड नेमके तिथेच विरते.

ज्वाळेविना पसरणारी आग

गोधडीचा धोका याहून वेगळा आहे. जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते. तीच आपल्याला ऊब देते. निखाऱ्याची किंवा बिडीची ठिणगी त्या थरांत शिरली, तर तीच हवा विस्तवालाही पुरते. कापसाचा कोळसा सच्छिद्र असल्याने उष्णता धरून ठेवतो. ज्वाळा न दिसता गोधडी तासन्‌तास आतून धुमसत राहते आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास. आजकाल गोधडीत कृत्रिम धाग्यांच्या साड्याही घातल्या जातात. अशा मिश्र गोधडीत वितळलेले पॉलिस्टर गळून न पडता सुती थरांतच अडकते आणि जळत राहते.

वृद्धांना धोका अधिक का?

वयोमानाने वास घेण्याची क्षमता मंदावते, त्यामुळे जळका वास उशिरा कळतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, आणि त्वचाही पातळ होते. सुमारे ४४ अंशांच्या उष्णतेने सुती कापडाला काहीही होत नाही. पण तीच उष्णता सलग सहा तास एकाच जागी लागल्यास त्वचा भाजते. कापड शाबूत दिसते म्हणून शेक सुरक्षित आहे, असे मानू नये. सांधेदुखीसाठी किंवा कोरड्या त्वचेसाठी लावलेली पॅराफिनयुक्त मलमे कपड्यांत मुरली, तर असे कपडे लवकर पेट घेतात. धुतल्यानेही ती पूर्णपणे निघत नाहीत.

काळजी घेणाऱ्यांनी हे पाहावे

निखाऱ्यांची शेगडी झोपण्याच्या खोलीत ठेवू नये आणि खाटेखाली तर कधीच नको. शेकाचे फडके तव्यावर तापत ठेवून तेथून उठू नये. प्रथम आपल्या मनगटाला लावून पाहावे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून द्यावी आणि झोप लागण्यापूर्वी काढून घ्यावी. घरात प्राणवायूचे यंत्र सुरू असेल, तर त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, बिडी काहीही पेटवू नये.

गोधडी धुमसत असल्याचे दिसताच आधी माणसांना बाहेर काढावे. ती लहानशा जागीच धुमसत असेल आणि सहज उचलता येत असेल, तरच अंगणात नेऊन पूर्ण भिजवावी. वरून तांब्याभर पाणी ओतणे पुरेसे नसते; थर उसवून प्रत्येक थर ओला करावा लागतो. खोलीत धूर भरला असेल, तर आत जाऊ नये. १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवावे.

अंगावरील कपड्याने पेट घेतल्यास धावू नये; जमिनीवर आडवे होऊन लोळावे किंवा जाड घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. बाकीचे अंग मात्र उबदार झाकावे, कारण वृद्धांना गारठा लवकर बाधतो. चिकटलेले कापड ओढून काढू नये. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये. जखम मोठी असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आजीच्या लुगड्यांची गोधडी टाकून देण्याचे कारण नाही. रात्री दिवा मालवण्यापूर्वी मात्र तिच्या घड्यांवरून एकदा हात फिरवावा आणि शेगडी बाहेर ठेवली आहे ना, हे पाहून मगच झोपावे.