तारण आणि मुदत : पियानोवादक विजय अय्यर

बँकेत कर्जाचा अर्ज समोर आला की माझा पहिला प्रश्न तारणाचा असे आणि दुसरा मुदतीचा. निवृत्तीनंतरही ही सवय सुटलेली नाही. मध्यंतरी बाजारपेठेतील एका जुन्या खातेदारांनी मला विचारले, "साहेब, नातू अभियांत्रिकी सोडून संगीत करायचे म्हणतो. दुकान तर त्याला नकोच आहे. काय सांगू त्याला?" मी त्यांना विजय अय्यर यांची हकीकत सांगितली.

अय्यर हे आजच्या अग्रगण्य जॅझ पियानोवादक व रचनाकारांपैकी एक. भारतातून अमेरिकेत स्थायिक झालेल्या तमिळ दांपत्याच्या पोटी १९७१ साली न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी येथे त्यांचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षापासून त्यांनी व्हायोलिनचे रीतसर शिक्षण घेतले. पियानो मात्र बहुतांशी ऐकून, स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केला. येल विद्यापीठात गणित व भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते डॉक्टरेटसाठी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे गेले. तेथे सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमन यांच्यासारख्या कलावंतांचा सहवास लाभला आणि भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट त्यांनी अर्ध्यावर सोडली.

परंतु आधीची विद्या त्यांनी बुडीत खात्यात टाकली नाही. त्याच विद्यापीठातून १९९८ मध्ये त्यांनी संगीतावरच डॉक्टरेट मिळविली. जॅझमध्ये वादक ठरलेल्या चौकटीत त्या क्षणी नवी रचना करीत असतो. ठोका किंचित अलीकडे वा पलीकडे पडला तरी रंगत पालटते. ही लय माणसाच्या शरीराला कशी उमगते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

'हिस्टॉरिसिटी' या २००९ च्या अल्बममधील 'मिस्टिक ब्रू' या रचनेत त्यांनी लयीची विभागणी ३, ५, ८, १३ अशा अंकमालेच्या प्रमाणात केली. प्रत्येक अंक आधीच्या दोहोंची बेरीज. पाश्चात्त्य जगात ही माला फिबोनाची यांच्या १२०२ मधील ग्रंथामुळे ओळखली जाते. आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की त्यापूर्वी सुमारे अर्धशतक कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्र यांनी छंदशास्त्रात हाच नियम सांगितला होता. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तीन मात्रांच्या मांडण्या तीन, चारच्या पाच, पाचच्या आठ. लय आणि गणित यांचे नाते आपल्याला परके नाही.

आता मुदतीचा हिशेब. अय्यर यांचा पहिला अल्बम १९९५ चा. मॅकआर्थर फेलोशिप, म्हणजे पाच वर्षांत मिळून ६,२५,००० डॉलर, त्यांना २०१३ मध्ये मिळाली आणि २०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापकपद. मधली अठरा वर्षे केवळ साधनेची गुंतवणूक होती असे नव्हे. पण मोठा परतावा दिसायला तेवढा काळ जावा लागला. शिवाय प्रत्येकाला तो मिळतोच असे नाही, हेही मी त्या खातेदारांना स्पष्ट सांगितले.

शेवटी म्हणालो, "नातवाला नकार देऊ नका, होकारही लगेच देऊ नका. रोज किती तास बसतो ते वर्षभर पाहा. रियाज हेच त्याचे तारण. आणि पदवी पूर्ण करायला सांगा. पुढे ती कोठे उपयोगी पडेल, हे आज तुम्हाला किंवा मलाही सांगता येणार नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, तो वाजवतो तेव्हा मी एकदाही ऐकायला बसलो नाही. आधी तेवढे करतो."