जावा स्विंगमधील चित्रण व घटना-हाताळणी : एक विवेचन

प्रस्तावना

संगणकीय प्रोग्रॅमशी वापरकर्त्याचा संबंध प्रामुख्याने पडद्यावरील विंडो, बटणे व मजकुराच्या चौकटी यांच्यामार्फत येतो. बटण दाबल्यावर विंडो काही क्षण गोठली, तर वापरकर्ता तेच बटण पुन्हा दाबतो. परिणामी एकच नोंद दोनदा होते आणि दोष यंत्राच्या संथपणाला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा हा दोष यंत्राचा नसून कामाच्या विभागणीचा असतो. ही विभागणी कशी सुधारत गेली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात जावा भाषेतील स्विंग या ग्राफिकल युजर इंटरफेस प्रणालीच्या आधारे केले आहे.

घटना-हाताळणीतील बदल

माऊसची हालचाल, कळ दाबणे इत्यादींना 'घटना' अर्थात इव्हेंट म्हटले जाते. १९९६ मधील जावाच्या पहिल्या आवृत्तीत, एखाद्या घटकाने न हाताळलेली घटना त्याला सामावणाऱ्या बाहेरील घटकाकडे जात असे. कोणालाही नको असलेली घटनाही असाच प्रवास करी. १९९७ च्या १.१ आवृत्तीत 'लिसनर' पद्धत आली. ज्या घटकावर ज्या प्रकारच्या घटनेसाठी लिसनर नोंदविला असेल, तेथेच ती घटना पोहोचविली जाऊ लागली. त्यामुळे अनावश्यक काम टळले व प्रोग्रॅमची रचनाही सुटसुटीत झाली.

चित्रणातील बदल

१९९८ च्या १.२ आवृत्तीत स्विंगचा समावेश झाला. स्विंगमधील बहुतेक घटक ऑपरेटिंग सिस्टिमच्या तयार घटकांवर अवलंबून न राहता जावामार्फतच रेखाटले जातात. त्यामुळे चित्रणाच्या कार्यक्षमतेला विशेष महत्त्व प्राप्त झाले. त्यासाठी दोन उपाय योजण्यात आले.

पहिला उपाय दुहेरी बफरचा. वर्गासमोर फळा पुसून पुन्हा लिहिताना मधला रिकामा फळा सर्वांना दिसतो. पडद्यावरील लुकलुकणे हा त्यातलाच प्रकार होय. चित्र आधी स्मृतीत पूर्ण करून मग एकदम पडद्यावर आणल्यास ते टळते. दुसरा उपाय मागण्या एकत्र करण्याचा. 'रीपेंट' ही आज्ञा तत्काळ चित्र काढत नाही; ती केवळ बदललेला भाग नोंदविते. लागोपाठ आलेल्या अनेक मागण्या एकत्र करून तेवढाच भाग पुन्हा रेखाटला जातो.

दोन्ही कामांचा एकच थ्रेड

स्विंगमध्ये घटना-हाताळणी व चित्रण ही दोन्ही कामे 'इव्हेंट डिस्पॅच थ्रेड' या एकाच थ्रेडवर क्रमाने होतात. यास कारण आहे. घटना ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रोग्रॅमकडे येतात, तर चित्रणाच्या आज्ञा उलट दिशेने जातात. अनेक थ्रेडना मुभा दिल्यास कुलपे परस्परविरुद्ध क्रमाने लावली जाऊन सर्व थ्रेड एकमेकांची वाट पाहत अडकण्याचा धोका असतो.

या रचनेची किंमतही आहे. सेकंदाला ६० वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. बटणाच्या लिसनरमध्येच डेटाबेसमधून माहिती आणण्यास ३ सेकंद लागले, तर तेवढा काळ ना नवे चित्र उमटते, ना दुसरी घटना हाताळली जाते. दरम्यान पुन्हा दाबलेले बटण रांगेत थांबते व नंतर तेच काम दुसऱ्यांदा होते.

डिसेंबर २००६ मधील जावा ६ आवृत्तीत 'स्विंगवर्कर' हा क्लास समाविष्ट झाला. त्याद्वारे दीर्घ काम वेगळ्या थ्रेडवर चालते आणि निष्पत्ती दाखविण्याचे काम मूळ थ्रेडवर परत येते. मात्र वेगळ्या थ्रेडवरून पडद्यावरील घटकांना थेट हात लावू नये, तसेच काम सुरू होताच संबंधित बटण निष्क्रिय करावे, हे पथ्य आवश्यक ठरते.

याच आवृत्तीत प्रत्येक विंडोचे चित्र स्वतंत्र बफरमध्ये जतन होऊ लागले. त्यामुळे झाकलेली विंडो पुन्हा समोर येताना दिसणारा करडा चौकोन नाहीसा झाला. तथापि हे चित्र जुनेच असते. थ्रेड अडकलेला असल्यास विंडो नीटनेटकी दिसते, पण बटण प्रतिसाद देत नाही. केवळ चित्रणातील सुधारणेने दोष झाकला जातो; दूर होत नाही.

समारोप

चित्रण व घटना-हाताळणी हे दोन स्वतंत्र प्रश्न नसून एकाच थ्रेडच्या वेळेच्या वाटपाचा प्रश्न आहे. म्हणूनच प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमचे उत्तर बरोबर आहे का, एवढेच पाहणे पुरेसे नाही. उत्तर येईपर्यंत विंडो हलविता येते का आणि बटण दोनदा दाबल्यास काय होते, याचीही तपासणी व्हावयास हवी.