शिष्यवृत्ती मागितली तर प्रवेश हुकेल का?
बारावीचा निकाल लागला की रानशेतच्या पाड्यांवरची मुलं मला हेच विचारतात. नाही हुकणार! आपल्याकडे अभियांत्रिकीची प्रवेशयादी सीईटीसारख्या परीक्षेतल्या गुणांवर आणि आरक्षणावर लागते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशानंतर भरायचा असतो. अमेरिकेतली अनेक कॉलेजं मात्र परदेशी मुलाला निवडतानाच त्याला किती आर्थिक मदत लागेल ते बघतात. हार्वर्ड, एमआयटीसारखी मोजकीच बघत नाहीत. इथे आपली मुलं अडतात ती कागदांपाशी, आणि त्याचंच मला फार वाईट वाटतं. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच अर्ज करा. उत्पन्नाचा दाखला काढा, बँक खातं आधारशी जोडा. शिष्यवृत्तीला पात्र आदिवासी मुलाकडे कॉलेजने आधी पूर्ण फी मागितली, तर गप्प परतू नका. डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात लेखी अर्ज द्या. मी सोबत येते.