कालवांचे पोते

गेल्या वर्षी माझ्या एका स्नेह्याचा मुलगा काही दिवसांसाठी चेन्नईस आला होता. मुलगा मालवणकडचा, समुद्रावर वाढलेला. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, “काका, एवढा मोठा समुद्र दाराशी आहे. एक पोते कालवे आणू या की! घरी सगळे मिळून खाऊ.” त्याची मागणी साधी होती, परंतु तिचे उत्तर देताना मला जे सांगावे लागले, तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना कालवाची ओळख करून देण्याचे कारण नाही. ओहोटीच्या वेळी खडकांवर वाकून, लोखंडी हत्याराच्या टोकाने शिंपला उचकटणाऱ्या आणि आतला गर भांड्यात गोळा करणाऱ्या बायका त्यांनी पाहिलेल्या असतात. घाटावरच्या श्रोत्यांसाठी एवढेच सांगतो, की कालव हा दोन शिंपांच्या आत राहणारा मऊ अंगाचा प्राणी आहे. एक शिंप वाटीसारखी खोलगट, तर दुसरी झाकणासारखी चपटी असते. जन्मानंतर काही आठवडे तो पाण्यात तरंगत हिंडतो. मग एखाद्या खडकाला किंवा जुन्या शिंपल्याला चिकटतो आणि उरलेले सारे आयुष्य त्याच जागी काढतो. अन्न शोधायला तो जात नाही. भोवतालचे पाणी आत ओढून घ्यावे, त्यातले सूक्ष्म कण गाळून खावेत आणि पाणी बाहेर सोडावे, हा त्याचा अखंड उद्योग. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे एक पूर्ण वाढलेले कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला सुमारे 190 लिटरपर्यंत पाणी गाळू शकते, असे तेथील शास्त्रज्ञांनी मोजले आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे.

आता पोत्याकडे वळू. कालवे पोत्याने घेण्याची रीत जगात अनेक ठिकाणी आहे. मेक्सिकोच्या आखाताकाठी, अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात, घरी मेजवानी असली म्हणजे लोक अख्खी गोणीच उचलून आणतात. गोणीचे वजन पाहून मात्र फसू नये. त्यात बहुतेक शिंपलाच असतो; मांस साधारणपणे एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकेच निघते. म्हणूनच चार माणसांच्या घरालाही पोते फार होत नाही.

पोते घेताना पारख कशी करावी? कालव विकत घ्यायचे ते जिवंत. जिवंत कालव आपली शिंप घट्ट मिटून घेते. किंचित उघडे दिसले तर बोटाने टिचकी मारावी. ते लगेच मिटले तर चांगले, न मिटले तर टाकून द्यावे. हातात घेतल्यावर ते जड लागले पाहिजे, कारण आतले खारे पाणी शाबूत असल्याची ती खूण. वास समुद्राचा असावा. कुजकट वास आला तर त्या एकासाठी साऱ्या पोत्याची पुन्हा तपासणी करावी. घरी आणल्यावर पोते सावलीत, थंड जागी ठेवून त्यावर ओले गोणपाट टाकावे. पुष्कळजण प्रेमाने कालवे गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात. त्याने ती मरतात. त्यांना ओलावा हवा असतो, आंघोळ नव्हे. खोलगट शिंप खाली ठेवली म्हणजे आतला रस सांडत नाही.

शिजवण्यापूर्वी काथ्याच्या ब्रशाने चिखल घासून काढावा. पाश्चात्त्य देशांत कालवे कच्ची, वर लिंबू पिळून खातात. आपल्या उष्ण प्रदेशात तो मोह टाळावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. कोमट समुद्राच्या पाण्यात असे जंतू असतात, की ते कच्च्या कालवांतून पोटात जाऊन क्वचित प्राणावरही बेततात. कालवे उकळत्या पाण्यात टाकावीत, शिंपा उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटे उकळू द्यावे आणि जी उघडणारच नाहीत ती फेकून द्यावीत. त्यानंतर ओले खोबरे, मिरची, तिरफळ आणि दोन सोले घालून केलेल्या सांबाऱ्याची चव ज्याने घेतली आहे, त्याला लिंबाची आठवण होत नाही.

इतके ऐकल्यावर आमचा पाहुणा म्हणाला, “मग अडचण कसली? चला बाजारात.” अडचण होती ती पाण्याची.

ज्या कालवाची गोष्ट आपण बोलत आहोत, त्याच्या शास्त्रीय नावातच ह्या शहराचे जुने नाव आहे. 1916 मध्ये प्रेस्टन ह्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने कोचीन व एन्नोर येथील खाड्यांतल्या मृदुकाय प्राण्यांवर अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यातून ‘मद्रासेन्सिस’ हे नाव रूढ झाले. 1996 मध्ये शहराचे नाव पालटले. कालवाचे पालटले नाही. त्याच्याही आधी, 1910 च्या सुमारास, मद्रासच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल ह्या अधिकाऱ्याने फ्रान्समधील आर्काशाँ येथील कालवांच्या शेतीचा अभ्यास करून तिच्यापासून हिंदुस्थानने काय घ्यावे हे लिहिले, आणि शहराच्या उत्तरेस असलेल्या पुलिकत सरोवरात तशी शेती करण्याचा यत्न केला.

हॉर्नेलने आणखी एका प्रश्नाचा शोध घेतला. युरोपात जुना संकेत आहे, की ज्या महिन्याच्या नावात ‘र’ नाही त्यात कालवे खाऊ नयेत. मे, जून, जुलै आणि ऑगस्ट हे ते महिने. तिकडे उन्हाळ्यात कालवांची वीण होते, मांस पातळ व बेचव होते आणि उष्णतेने ती लवकर नासतात. मद्रासच्या खाड्यांत मात्र विणीचा मुख्य संबंध उष्णतेशी नसून पाण्याच्या खारेपणातील चढउताराशी आहे, असे दिसून आले. 1951 मध्ये वीरभद्र राव ह्यांनीही ह्याच कालवांच्या विणीवर खारेपणाचा परिणाम कसा होतो, ह्याचे विवेचन केले. ह्याचा व्यवहारातला अर्थ असा: कोकणात पाऊस जून ते सप्टेंबरचा, म्हणून युरोपचा संकेत तेथे योगायोगाने बराचसा जुळतो. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. म्हणजे ज्या ‘र’च्या महिन्यांत युरोप निर्धास्तपणे कालवे खातो, त्याच महिन्यांत येथे साऱ्या शहराची घाण पुराबरोबर खाडीत उतरते. उसना नियम किती जपून वापरावा लागतो, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

आणि आज प्रश्न केवळ पावसाळ्यापुरता राहिलेला नाही. अड्यार नदीत शहराचे सांडपाणी येते. ज्या एन्नोरच्या खाडीतून हे कालव शास्त्राच्या पुस्तकात गेले, तिच्या काठी वीजकेंद्रे व कारखाने उभे राहिले. कोळशाची राख तिच्यात साचत गेली. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात त्याच खाडीत तेल पसरले, आणि कोळ्यांनी बादल्यांनी ते पाण्यावरून उपसले. पाणी गाळणे हाच ज्याचा धर्म, ते कालव अशा पाण्यातले जंतू, तेल आणि जड धातू आपल्या अंगात साठवते. उकळल्याने जंतू मरतात. धातू मात्र भांड्यात राहतात आणि भांड्यातून आपल्या पानात येतात. तेव्हा जिवंत, जड, घट्ट मिटलेले कालवसुद्धा निर्धोक असेलच असे नाही. आपण जे विकत घेतो ते पोतेभर कालवे नसून पोतेभर खाडी असते.

म्हणूनच अमेरिकेत प्रत्येक गोणीला एक चिठ्ठी बांधलेली असते. माल कोणत्या पाण्यातून, कोणत्या दिवशी काढला हे तिच्यावर लिहिलेले असते, आणि गोणी संपल्यावरही दुकानदाराने ती चिठ्ठी नव्वद दिवस जपून ठेवावी असा नियम आहे. 2010 मध्ये त्या आखातात खनिज तेलाची मोठी गळती झाली, तेव्हा तेथील कालवांची अनेक क्षेत्रे बंद करण्यात आली. असे बंद करता येते, कारण पाण्याची नोंद ठेवलेली असते.

आपल्याकडे ज्ञानाची वाण नाही. तुतिकोरिन येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने 1970 नंतरच्या दशकात ह्याच कालवाच्या शेतीची पद्धत सिद्ध केली. चुना लावलेल्या कौलांवर पिले धरावयाची ही आर्काशाँचीच युक्ती तेथेही वापरण्यात आली. पुढे केरळच्या खाड्यांत बायकांच्या गटांनी दोऱ्यांना शिंपले ओवून कालवे वाढविली. उणीव आहे ती एका चिठ्ठीची, आणि जिच्यावर विश्वासाने नाव लिहिता येईल अशा खाडीची.

आम्ही अखेर काशिमेडुच्या बंदरावर गेलोच. एकाजवळ कालवे होतीही. मुलाने टिचकी मारून पाहिली. ती चटकन मिटली. मग त्याने विचारले, “कुठल्या पाण्यातली?” विक्रेत्याने खाडीच्या दिशेने हात केला, एवढेच. मुलगा क्षणभर थांबला आणि त्याने कालवे पुन्हा टोपलीत ठेवली. येताना आम्ही सुरमई घेतली. येथे तिला वंजिरम म्हणतात. गावी परतल्यावर त्याने पत्र पाठविले. घरच्या खडकांवरची कालवे खाल्ली, असे त्यात होते, आणि खाली एक ओळ अधिक होती: “काका, आमच्या खाडीत वरून काय काय येते, ते पाहायला उद्या जाणार आहे.”